ओल्या हवेत एक दिवस

४ फेब्रुवारी

नाही वहिनी, "बाबांनी मला दिला" हे आता तिसऱ्यांदा लिहून पाठवू नका. मला वाचता येतं. दर वेळी त्या "मला"पाशी येऊन अडकते आणि पुढचं वाचलंच जात नाही.

फोनवर बोलायला हरकत नव्हती, पण फोनवर तुम्ही रडता, मी ओरडते आणि दादा मधेच फोन हिसकावून इकडे थंडी कशी आहे ते विचारतो. म्हणून कागद. कागदावर निदान दादा नाही.

डबा कुणाचा ते नंतर. आधी सांगा, तो ठेवलाय कुठे? स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, गॅसच्या डोक्यावर. बरोबर ना? बाबांना जाऊन दोन महिने झाले, म्हणजे दोन महिने त्याला रोज दोन वेळची वाफ मिळतेय. त्यांच्या टेबलाखाली, घड्याळांच्या सुट्या भागांच्या डब्यांशेजारी होता तेव्हा कोरडा तरी होता.

तुम्हाला वाटतं बी म्हणजे खडा. ठेवला तिथे राहील. अहो, बी जिवंत असतं. श्वास घेतं, पण इतका हळू की आमच्या यंत्रालाही कान टवकारावे लागतात. आणि जिवंत आहे म्हणजे म्हातारंही होतं. त्याच्या प्रत्येक पेशीला एक पातळ पापुद्रा असतो, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवणारा. ऊब आणि दमट हवा लागली की तो विरत जातो, रोज धुतलेल्या चादरीसारखा. वरून बी तसंच दिसतं, गुळगुळीत, काळ्या डोळ्याचं. आत झीज चाललेली.

बाबांनी सव्वीस वर्षं वेचून वेचून हा घेवडा केला. नाव काजळी. दुसरीकडे कुठेही नाही. त्या डब्यातलं बी मी आणि त्यांनी मिळून वेचलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, मी नोकरीसाठी घर सोडलं त्या उन्हाळ्यात. झाकणावरचं साल माझ्या अक्षरात आहे, बघा. त्याच वर्षी तुम्ही लग्न होऊन आलात आणि माझ्या खोलीत तुमची कपाटं लागली. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. आताही बोलत नाहीये.

मी ज्या शीतघरात काम करते तिथे हजारो पिकांचं बी उणे अठरावर झोपलंय. दर काही वर्षांनी त्यातलं थोडं उठवायचं आणि अजून किती उठतात ते बघायचं, हे माझं काम. कुठल्या कुणाच्या मामाचा वाटाणा मी जीव लावून सांभाळते. आणि माझ्या बापाची शेंग कुठे? सुनेच्या फळीवर.

डबा पाठवा. पोचल्याची पावती देईन.

तुमची नणंद
(म्हणजे त्यांची लेक, विसरला असाल तर)


११ फेब्रुवारी

ताई,

विसरले नाही. विसरू देतंय कोण.

डबा फळीवर होता, खरंय. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी खाली काढला. आता कपाटात आहे, स्वेटरांच्या मागे. घरात तेवढीच एक कोरडी जागा. बिया मोजल्या. एकसष्ट.

पण डबा पाठवणार नाही. बाबांना मी विचारलं होतं की ताईंकडे देऊ का, त्यांच्याकडे थंड जागा आहे. ते म्हणाले, "तिथं ते टिकेल, पण झोपून राहील. मला ते मातीत हवंय." हे वाक्य मी बनवलेलं नाही. तुमचा दादा तिथेच बसला होता, हवं तर त्याला विचारा. पेपर वाचत होता, म्हणजे ऐकलं नसेल.

तेव्हा मी पेरणार. पण बी जुनं आहे. त्याबद्दल बाबा म्हणाले होते, जुनं बी उठवायची तऱ्हा वेगळी असते, ती टिकटिकला विचार. तर विचारते. हे विचारताना मला काय वाटतंय ते लिहीत नाही.

नाही, लिहितेच.

टिकटिक. लहानपणी तुमची बडबड थांबायची नाही म्हणून घड्याळवाल्या बापानं ठेवलेलं नाव. मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारी काढली. त्यांचे डोळे गेल्यावर नखं मी कापली, दाढी मी केली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी राहून लोकांना "आता दिसतंय का" विचारायचं आणि घरी येऊन ज्यांना दिसत नाही त्यांना पेपर वाचून दाखवायचा. शेवटच्या वर्षी ते मला टिकटिक म्हणायला लागले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, बाबा, मी सून. बरं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत टिकटिक. मग मी दुरुस्त करणं सोडलं. वर्षभर तुमच्या नावाला मी ओ दिली, ताई. निदान हा एक डबा माझ्या नावाचा असू दे.

बाबा घेवडा लावायचे त्या गच्चीवर सध्या काही नाही, रिकाम्या कुंड्या आहेत. कसं पेरू ते लिहा. सगळं लिहा, एकही गोष्ट न गाळता.

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

टिकटिक हे मला लिहायला नको होतं तुम्ही. डबा, खोली, गच्ची, आणि आता तेही. असो. विचारलंत तर सांगते.

एकदम सगळं पेरू नका. आधी वीस घ्या. स्वच्छ भांडं, स्वच्छ पाणी, रात्रभर भिजवा, बाबा भिजवायचे तसंच. सकाळी पाणी ओतून टाका. सुती फडकं ओलं करून पिळा, त्यावर बिया एकमेकींना न टेकता मांडा, गुंडाळी करा. खिडकीपाशी ठेवा पण उन्हात नको. फडकं सुकू देऊ नका. पाचव्या दिवशी उघडून बघा, त्याआधी नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही केकसुद्धा चार वेळा उघडून बघता.

मोड दिसायला वेळ लागेल. बी भिजलं की लगेच वाढायला लागत नाही. आधी आत डागडुजी चालते. झिजलेले पापुद्रे जोडले जातात, आतल्या डीएनएच्या साखळीवर इतक्या वर्षांत पडलेल्या चिरा सांधल्या जातात, आणि ते सगळं झालं तर मूळ बाहेर येतं. बी जितकं म्हातारं तितकी ही डागडुजी लांबते. कधी कधी ती पुरी होण्याआधीच बी दमतं. तेव्हा घाई नको.

एक गोष्ट कबूल करते, कागद आहे म्हणून. डोळे गेले तेव्हा बाबांनी मला फोनवर सांगितलं की आता गच्ची बंद केली. मी म्हटलं, फार वाईट वाटलं. खोटं होतं. मला बरं वाटलं होतं. माझ्यामागे ती शेंग दुसऱ्या कुणाच्या हाताला लागली नाही, याचं.

सगळं लिहिलंय. काही गाळलं नाही.

मी


५ मार्च

ताई,

वीसपैकी एकही नाही.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. रात्री भिजवलं. सकाळी पाणी पिवळं आणि चिकट झालं होतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बोटाला तार येत होती. बिया टम्म फुगलेल्या. मला वाटलं, वा, प्यायल्या. फडक्यावर मांडताना दोघीतिघींची सालं माझ्या बोटातच सुटून आली. पाचव्या दिवशी उघडलं तर वास. तरी थांबले, तुम्ही घाई नको म्हणाला होता म्हणून. बाराव्या दिवशी तुमचा दादा म्हणाला, हे फडकं फेकशील की मी घर बदलू? तो असंही म्हणाला की दोन शहाण्या बायका एका शेंगेवरून भांडतायत, बाजारातून पाव किलो आणून देऊ का दोघींना. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याला ते कळलं नाही.

माझाच हात वाईट असणार. बाबांच्या हातचं उगवायचं, माझ्या हातचं कुजलं.

उरलेल्या एकेचाळीस या पार्सलमध्ये आहेत. कापसात ठेवल्यात. तुम्ही जिंकलात. पावती नको.

वहिनी


१३ मार्च

वहिनी,

तुम्ही मला खुळी समजता का?

पार्सल आलं. बिया बघितल्या आणि बसलेली मी उभी राहिले. काळा डोळा मोठा आहे. बाबांच्या काजळीचा डोळा टाचणीच्या डोक्याएवढा असायचा, त्याहून मोठा दिसला की ते बी बाजूला काढायचे. हा त्याच्या दुप्पट. म्हटलं, आपली आठवण चुकत असेल. म्हणून दहा बिया शुद्ध पाण्यात टाकल्या. एक दिवस ठेवून त्या पाण्यातून वीज सोडली. रोजचं काम आहे माझं. पापुद्रे फाटलेले असले की बी पाण्यात आपलं मीठ, साखर सगळं गळू देतं, आणि तसल्या पाण्यातून वीज सहज जाते. जितकं म्हातारं तितकी गळती. अकरा वर्षांच्या बीचा आकडा वर जायला हवा होता. काटा जागचा हलला म्हणायला हलला. ह्या बिया नाहीत, पोरं आहेत. फार तर दोन वर्षांची.

म्हणजे कुणीतरी पिकवतंय. आणि मला लिहिता, गच्चीवर काही नाही.

कधीपासून? बाबा तर म्हणाले होते बंद केली. मग खोटं कोण बोललं, ते की तुम्ही? त्यांना दिसत नव्हतं, मग वेचत कोण होतं? शेंगा कोण सोलायचं? त्यांच्या शेजारच्या स्टुलावर कोण बसायचं? ते स्टूल माझं होतं. एक पाय आखूड आहे त्याचा, खाली पुठ्ठा मी घातला होता.

मला सात वेळा तुमच्याकडे जेवायला वाढलंत त्या वर्षांत, मी मोजलंय, आणि एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही.

आणि माझं बी कुठेय? खरं?

मी


२० मार्च

काय हो वन्सं,

उत्तर देते, क्रमानं.

नऊ पिकं. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या वर्षापासून. बाबांकडे त्याआधीच्या मोसमाचं थोडं बी वेगळं होतं, त्यातून सुरू केलं. तुमचा डबा त्यांनी कधी उघडला नाही. ते टिकटिकचं आहे, म्हणायचे. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा पीक निघून गेलेलं असायचं आणि गच्चीची किल्ली माझ्याकडे. तुम्हाला सांगू नको हे मला त्यांनीच बजावलं होतं. "तिला वाटेल, तिच्यावाचून चाललं." म्हणून तुमच्याशी खोटं ते बोलले, आणि ते गेल्यावर मी तेच पुढे चालवलं.

स्टुलावर मी बसायचे. पुठ्ठा अजून आहे.

ते बी चाचपायचे, वजन बघायचे, नखानं टणक आहे का बघायचे. डोळा केवढा आहे ते मी सांगायचे. मला मोठा डोळा आवडतो, ताई. पहिल्या वर्षी खरं सांगितलं, दुसऱ्या वर्षी एक मोठ्या डोळ्याचं बी "टाचणीएवढा आहे बाबा" म्हणून मी चांगल्यात टाकलं. मग दर वर्षी. त्यांना कळलं होतं का, माहीत नाही. एकदा अंगठा फिरवून हसले होते. तेव्हा आता ती शेंग पुरती तुमच्या बाबांची राहिलेली नाही. तुम्ही म्हणाल, चोरी. म्हणा.

आता तुमचं बी.

पार्सल करायला मी डबा रिकामा केला. तळाशी ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुरचुंडी होती, मोजताना ती मी हलवली नव्हती; तिच्याखाली घड्याळदुरुस्तीची एक कोरी पावती, घडी केलेली. मागच्या बाजूला तुमचं अक्षर. जसंच्या तसं उतरवते:

"बाबा, हे बी जुनं झाल्यावर पेरलंत तर थेट पाण्यात टाकायचं नाही. म्हाताऱ्या बीचे पापुद्रे कडक होतात, पाणी एकदम घुसलं की फाटतात आणि आतला जीव वाहून जातो. आधी एक दिवस ओल्या हवेत. बंद डब्यात ओला कागद, वर जाळी, जाळीवर बी. पाण्याला टेकू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी भिजवायचं. विसरू नका. टिकटिक."

अकरा वर्षांपूर्वी तुम्हाला हे माहीत होतं. १५ फेब्रुवारीला नव्हतं.

मी ती पावती तुमच्या पत्राशेजारी ठेवून दोन्ही परत वाचली. "माझाच हात वाईट" हे पत्र तोवर लिहून झालं होतं. ते बदललं नाही. पार्सल बदललं. माझं बी भरलं, मोजून एकेचाळीस. मला बघायचं होतं, तुम्ही काय ओळखता आणि ओळखल्यावर काय कबूल करता. पहिलं लगेच ओळखलंत. दुसऱ्याची वाट बघतेय.

तुमच्या एकेचाळीस मी तुमच्याच चिठ्ठीबरहुकूम ठेवल्या. जाळी नव्हती, चहाची गाळणी घेतली. किती उगवल्या ते सांगणार नाही. गच्चीची किल्ली मीटरच्या पेटीमागे खिळ्याला आहे. मी दुकानातून साडेपाचला येते. या, नाहीतर येऊ नका.

वहिनी


२९ मार्च, गच्ची, पाचला दहा कमी

वहिनी,

सात.

एकेचाळीसपैकी सात, अकरा वर्षं साध्या डब्यात राहून. शीतघरात हा आकडा मी खालच्या मानेनं लिहिला असता. इथे दोनदा मोजला, आणि मग तुमच्या स्टुलावर बसले. माझ्या. पुठ्ठा पार चपटा झालाय, हलतंय ते.

कबुली हवीय ना. घ्या. ती ओळ मी लिहिली होती. कच्च्या कागदावर, तिसऱ्याच ओळीत, "आधी एक दिवस ओल्या हवेत". पक्कं करताना तिथे आले आणि तुमचं "वर्षभर ओ दिली" समोर आलं. हात पुढच्या ओळीवर गेला. मुद्दाम गेला. वीसच घ्या असं सांगितलं तेही त्यासाठीच, की वीस बुडतील, तुम्ही घाबराल आणि बाकीच्या मला धाडाल. वीस जिवंत बिया, वहिनी, निदान त्यातल्या तीन-चार. मी आणि बाबांनी वेचलेल्या. हे माझ्या कामातल्या कुणाला सांगितलं तर मला परत बियांना हात लावू देणार नाहीत. आणि माझ्या पोटात जळत होतं म्हणून केलं, दुसरं कारण नाही. माझ्या नावाला दुसरं कुणी ओ देतं आणि बापाला फरक पडत नाही, हे मला अजून गिळता येत नाही. आत्तासुद्धा तुमच्या त्या अंगठ्याच्या गोष्टीवरून मी इथे एकटी बसून चिडतेय. ते हसले तेव्हा मी कुठल्या तरी परक्याच्या वाटाण्याचे मोड मोजत होते.

सोबत शीतघराचा फॉर्म ठेवलाय, कुंडीखाली. तुमचं बी मी जमा केलं. एकतीस, उणे अठरावर. पाण्यात टाकलेल्या दहा माझ्या खिडकीत उगवल्या, दहाच्या दहा, भवान्या, नाक वर करून. फॉर्मवर "ही जात कुणी राखली" असा रकाना असतो. आधी "बाबा" लिहिलं. मग "बाबा आणि मी". मग दोन्ही खोडून तुमचं नाव लिहिलं. पेन अडत होतं असं म्हणणार होते, पण पेन नवं होतं. ती खाडाखोड दिसेल तुम्हाला. दिसू दे.

तुमच्या सातांपैकी तीन धडधाकट आहेत. तिघी मागे पडल्यात, पानं अर्धवट, म्हाताऱ्या बीची रोपं अशीच येतात, आतली डागडुजी जेमतेम पुरलेली. सातवी वाकडी. एक दल तपकिरी, देठ कमरेत मोडल्यासारखा, आणि तुम्ही तिला आगकाडीला दोऱ्यानं बांधलंय. दुकानातला आहे ना दोरा, चष्म्याचा? आमच्याकडे अशा रोपाला वेगळा रकाना असतो. विकृत. ते उगवलेल्यात धरत नाहीत, मेलेल्यात धरतात. दहा वर्षांत अशी किती रोपं मी मेलेल्यात लिहिली असतील. कुणाला काडी लावायचं कधी सुचलं नाही.

जिना चढताना ठरवून आले होते की सगळ्यात चांगली कुंडी उचलून न्यायची. हक्कानं. तुम्हाला वर आल्यावर दिसेल, आता सहाच आहेत. चांगल्या तिघी जागच्या जागी आहेत. त्यांचं बी धराल तेव्हा डोळा केवढा ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, मी विचारणार नाही.

सातवी मी नेतेय.

का, ते तुम्ही विचाराल, आणि तोंडावर विचारलंत तर मी ओरडेन आणि तुम्ही रडाल. खालच्या फाटकाची कडी वाजली. आज लवकर सुटलात. तुमच्या चपला मला पहिल्या पायरीपासून ओळखू येतात, उजवी घासते.

पहिला मजला. तुम्ही कुणाशी तरी बोलताय, बरं झालं, दोन ओळी मिळाल्या. किल्ली स्टुलावर ठेवलीय. दोरा सोडलेला नाही, तुम्ही बांधलात तसाच राहील. बसमध्ये कुंडी मांडीवर घेईन.

दुसरा मजला. मी मागच्या जिन्यानं